बलाबल

कर्णाची कवचकुंडले इंद्राने मागून नेली नसती, रथाचे चाक भूमीने गिळले नसते, तर अर्जुनाचे काय झाले असते, हा वाद आपल्याकडे मिटलेला नाही. तो मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. त्याच जातीचा एक वाद हल्लीच्या तरुणांत रंगतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो. योद्धा, मांत्रिक, चोर, जखमा भरून काढणारा पुरोहित असे काही जण मिळून संकटास तोंड देतात, आणि यशापयश नियम व फासे यांवर ठरते. खेळ संपला म्हणजे प्रश्न निघतो: यांतील कोणता वीर कोणास लोळवील?

प्रश्न निघू शकतो, कारण येथे बळास आकडा आहे. सामर्थ्य, चापल्य, बुद्धी इत्यादी सहा गुण मूळ नियमांत तीन फाशांनी, म्हणजे ३ ते १८ यांच्या दरम्यान ठरावयाचे. अनुभवाने वीर ज्या पायऱ्या चढतो त्यांस ‘लेव्हल’ म्हणतात. (सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून आम्हां केंद्रीय नोकरांसही १ ते १८ लेव्हली दिल्या, तेव्हा ही कल्पना आमच्या वाचकांस जड जाऊ नये.) १९८० च्या एका ग्रंथात तर देवांचेही बळ आकड्यांत मांडले गेले. ग्रीकांच्या झ्यूसला घाव सोसण्याचे ४०० गुण मिळाले, आणि आपला इंद्रही त्या यादीतून सुटला नाही. आकडा मिळाला की देवही मारता येतो, हे ओळखावयास खेळाडूंना वेळ लागला नाही.

या वादांत रेस्टलिन या मांत्रिकाचे नाव हटकून निघते. मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या, १९८४ पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांतील हे पात्र देहाने खंगलेले, खोकल्याने बेजार, पण विद्येत अजोड. त्यास एल्मिन्स्टर या दुसऱ्या महामांत्रिकासमोर उभे करून मंत्रांची मोजदाद चालते. पण रेस्टलिनला कॅरॅमन नावाचा धिप्पाड जुळा भाऊ आहे. मंत्र म्हणताना शत्रूस अडवून धरणारा तो, आणि चालवेनासे झाले की आधार देणारा तोच. द्वंद्व लावताना प्रथम त्यालाच बाहेर बसवितात. माझी शंका येथेच आहे. ज्याच्यावाचून हा वीर चार कोस गेला नसता त्याला वजा करून जे उरते ते रेस्टलिनचे खरे बळ, हे कोणत्या न्यायाने? विद्या स्वतःची, सोबती दैवाने मिळालेला, असे कोणी म्हणेल. परंतु फाशांनी पडलेली बुद्धी तरी कोणाची कमाई? अर्जुनातून कृष्ण वजा करणारे विद्वान याच पंथाचे.

१९८६ च्या कादंबरीत्रयीत लेखकद्वयाने हे द्वंद्व अखेरपर्यंत नेले आहे. रेस्टलिन देवांसच जिंकावयास निघतो. कॅरॅमन काळ ओलांडून पुढे जातो तेव्हा त्यास दिसते ते असे: सारे देव हरले आहेत, भाऊ एकटाच देव उरला आहे, आणि खाली पृथ्वीवर जिवंत असे काही नाही. तो मागे येऊन हे भावास सांगतो. रेस्टलिन ऐकतो, कॅरॅमनची परतीची वाट मोकळी करून देतो आणि स्वतः शत्रूच्या हाती तेथेच मागे राहतो.