पाठीवर कोण बसलंय?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी दांडिया बाजारच्या सत्संगात आरती झाल्यावर एक ताई उभ्या राहिल्या. यजमान नंदेसरीला केमिकल कारखान्यात, तिन्ही शिफ्ट. ताई बँकेत, रोज आणंदचं अपडाउन. घरात दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "महाराज, यांचा आठवडा कंपनीचा आणि रविवार तुमच्या सेवेचा. घरी येतात ते झोपायला आणि चिडायला. मग माझं लग्न झालंय कुणाशी?"

सगळे गप्प. खरं सांगायचं तर रविवारच्या सेवेच्या यादीत त्या दादांचं नाव आम्हीच घातलं होतं. ताईंना विचारलं होतं का? नाही.

महाराजांनी पैठणची गोष्ट काढली. एकनाथ महाराज म्हणजे काही रानात बसलेले बैरागी नव्हेत. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिणारे, गुरूंच्याच आज्ञेनं लग्न केलेले संसारी. त्यांना राग आणून दाखव, असं सांगून लोकांनी एका गरजू ब्राह्मणाला पैशाची लालूच दाखवली. तो थेट येऊन नाथांच्या मांडीवर बसला. नाथ हसले. मग जेवायच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर हा त्यांच्या पाठीवर! नाथ म्हणाले, अगं सांभाळ, पाहुणे पडतील. बाई म्हणाल्या, काळजी नको, हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे मला. हरी म्हणजे त्यांचा मुलगा, हरिपंडित.

कीर्तनात ही गोष्ट नाथांच्या शांतीची म्हणून सांगतात. महाराज म्हणाले, नीट ऐका, भार कुणाच्या पाठीवर होता? त्या घरातली शांती दोघांची होती. वेळेला एकानं सांभाळ म्हटलं, दुसरीनं ते हसून पेललं.

यावर मागून एक काका पुटपुटले, "बघा, बायकांनी असं सोसायला हवं." (असे काका प्रत्येक मंडळात असतातच.) महाराज त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तो पाहुणा एका जेवणापुरता बसला होता. आपण रोज बसतो." पुरुष मंडळी हसली. बायका हसल्या नाहीत, हे आम्ही पाहिलं.

मग महाराजांनी दादांना विचारलं, घरी पाऊल टाकताना होतं काय? दादा मोकळेपणानं बोलले. साहेब सगळ्यांसमोर बोलतात, तिथे तोंड उघडता येत नाही. घरी आल्यावर मुलाचं दप्तर वाटेत दिसलं तरी भडका उडतो. महाराज म्हणाले, साहेबापुढे आठ तास टिकतो तो संयम तुमचाच आहे ना? तो उंबऱ्यावर संपत नाही. इथे त्याची गरज नाही, असं आपण धरून चालतो. मात्र रात्रपाळीनंतर अंग खरंच साथ देत नाही, तो काही भक्तीतला उणेपणा नव्हे. तेव्हा सरळ सांगावं, आज डोकं तापलंय, थोडा वेळ द्या. असं सांगायलाही मनाचं बळ लागतं. आणि समोरचं माणूसही गाडीत उभं राहून आलंय का, ते विचारावं.

ताई एवढंच म्हणाल्या, "विचारलं तरी पुरे."

तर मंडळानं ठरवलं आहे. सेवेच्या यादीत नाव घालण्याआधी घरच्यांना फोन करायचा. महिन्यातून दोनच रविवार, शक्य तर जोडीनं. त्या दादांचं नाव या महिन्यापुरतं काढलं आहे. ताईंच्या सासूबाईंजवळ शनिवारी दुपारी दोन तास कोण बसू शकेल, त्या भगिनींनी ग्रुपवर कळवावं. बंधूंनीही कळवावं, बसायला बाईच हवी असं नाही.

पुढचा सत्संग गुरुवारी सायंकाळी सात वाजता. रात्रपाळी करून आलेल्यांनी झोपमोड करून येऊ नये, प्रसाद घरी पोचवू.