औषध हीसुद्धा अमानत आहे

आपले शरीर आपल्या मालकीचे नाही. ती अल्लाहने आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले, की तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. आज ज्यांच्या घरात कर्करोगाच्या गोळ्या घेणारा रुग्ण आहे, त्यांनी या शिकवणीवर थांबून विचार करावा.

पूर्वी या आजाराचे औषध बहुधा रुग्णालयात, सलाइनमधून मिळत असे. आता इमॅटिनिब, कॅपेसिटाबिन यांसारख्या गोळ्या घरी घेता येतात. सोय वाढली, तशी जबाबदारीही घरावर आली. तेथे नर्स नसते. असते आपली प्रामाणिकता.

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात इमॅटिनिब वर्षानुवर्षे घ्यावी लागते. काही महिन्यांत रुग्णाला बरे वाटू लागते आणि तो मनाशी म्हणतो, ‘आता तवक्कल पुरे.’ परंतु उंट बांधल्यावाचून केलेल्या तवक्कलची शिकवण प्रेषितांनी (स.) दिलेली नाही. बरे वाटते ते गोळीमुळे. ती परस्पर सोडली, तर दबलेला आजार पुन्हा डोके वर काढू शकतो.

रमजानमध्ये ही कसोटी अधिक कठीण होते. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. कॅपेसिटाबिन सामान्यतः दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घेतात. सहरी व इफ्तारला हे जमेल असे वाटते. पण या औषधाने जुलाब होऊ शकतात आणि दिवसभर पाण्यावाचून राहणे जिवावर बेतू शकते. म्हणून रोजाचा निर्णय एकट्याने घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा, मग आलिमांना. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये रुग्णाला सवलत दिली आहे. बरे होण्याची आशा असेल तर नंतर कजा, नसेल तर फिदिया. अल्लाहने दिलेली सवलत स्वीकारणे हा ईमानचा कमकुवतपणा नव्हे.

आप्तेष्ट प्रेमाने कलौंजी, काढे, शक्तीच्या गोळ्या आणून देतात. कलौंजीविषयीच्या हदीसवर आमची श्रद्धा आहे; तरीही जे काही घ्याल ते डॉक्टरांपासून लपवू नका. ज्या शक्तीच्या गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड असते, त्या कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढवू शकतात. ग्रेपफ्रूटमुळे रक्तातील इमॅटिनिबचे प्रमाण वाढू शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर तेही अवश्य सांगा.

घरच्यांनीही काळजी घ्यावी. गोळी परस्पर कुटू अथवा तोडू नये. दुसऱ्याला गोळी देताना हातमोजे घालावेत व नंतर हात धुवावेत. गर्भवती सुनेला किंवा लेकीला हे काम सांगू नये. औषध मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, अथवा रोजच्यापेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा.

रुग्णाचे निधन झाल्यावर उरलेल्या महागड्या गोळ्या कोणी सवाब म्हणून दुसऱ्या रुग्णाला देतो. हेतू नेक असला तरी प्रत्येकाची मात्रा वेगळी असते, आणि हा सदका दुसऱ्याला अपाय करू शकतो. त्या गोळ्या रुग्णालयाला परत कराव्यात. सदका द्यायचाच असेल, तर गरीब रुग्णाच्या औषधाचे बिल भरावे.

शिफा देणारा केवळ अल्लाह आहे. गोळी हे त्यानेच दिलेले साधन आहे. बिस्मिल्लाह म्हणून ती वेळेवर घ्यावी, आणि मग दुआसाठी हात उचलावेत. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र देवो. आमीन.