घड्याळाची अदलाबदल

गेल्या महिन्यात एक स्नेही म्हणाले, ‘‘तुमचं ओमेगा द्या, वर थोडे पैसे घाला आणि माझं रोलेक्स घ्या.’’ चार रात्री झोप नाही! खरे पाहता दोन्ही स्प्रिंगवर चालणारी, दिवसाकाठी सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होणारच. नातवाचे बॅटरीचे साधे घड्याळ त्यांच्याहून बिनचूक. मग मला हवे होते ते काय? वेळ तर नव्हेच.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा, म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. तुकडा टाकला नि सुटला. कोणी म्हणेल, मग ओमेगाही टाका! तेवढे नाही हो जमत, संसारी माणसे आपण. पण कुरराने एक टाकून दुसरा मोठा तुकडा उचलला नाही, एवढे तरी खरे ना?

रोलेक्सला हात हलला की आपोआप चावी बसते. माझ्या ओमेगाला रोज द्यावी लागते. १९६९ साली चंद्रावर गेलेले घड्याळ याच जातीचे, ते असो. पूजा आटोपली की मी चावी देतो, ही चहा ठेवते. निवृत्तीच्या दिवशी तिनेच ते माझ्या मनगटावर बांधले होते.

स्नेह्यांना ‘नको’ कळवले. त्यांच्या हाताकडे नजर मात्र अजून जाते.