पुन्हा माती न होणारी माती

वैशाखात चोपड्याहून तापीकडे निघालं की केळीच्या बागा सोडून बाकी रानं उघडी पडलेली दिसतात आणि काळ्या जमिनीला भेगा गेलेल्या असतात. मृगाचे चांगले पाऊस झाले की त्या मिटतात. या मातीतल्या चिकण खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. हे दर साली चालतं, आणि माती मातीच राहते.

याच दिवसांत खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. नवी घागर भरली जाते, खापरावर मांडे होतात. खापरही मातीचंच. उन्हात वाळलेलं कच्चं खापर तडकलं तर कुंभार ते भिजवून पुन्हा गाऱ्यात घालतो. आव्यातून भाजून निघालेलं तडकलं तर त्याच्या खापऱ्याच उरतात. फरक उष्णतेचा. शंभर-दोनशे अंशांपर्यंत थरांमधलं पाणी जातं, ते परत येऊ शकतं. पाचशेच्या पुढे मात्र खनिजाच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटू लागतं आणि ती रचना मोडते. मग कितीही भिजवा, चिखल होत नाही. तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशे गावी 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली रंगवलेली खापरं निघाली. तीन हजारांहून अधिक पावसाळे जमिनीत काढूनही ती मातीत मिसळली नव्हती.

शाळेत आपण बर्फ परिवर्तनीय बदलात लिहिला, जळका कागद अपरिवर्तनीयात. ही विभागणी मला अपुरी वाटते, कारण एकच माती दोन्हीकडे बसते. शिवाय न परतणारा बदल म्हणजे नुकसान, हा समजही खोटा आहे. भाजलेल्या मांड्याचं पीठ परत मिळत नाही, आणि ते कोणाला नकोच असतं. परत न मिळणारी वस्तू आपण किती देतो आणि कशासाठी, हे मात्र विचारायलाच हवं.

वीटभट्टीपाशी हा प्रश्न मला छळतो. खापराला पाटीभर माती पुरते, विटांसाठी शेताचा वरचा कसदार थर खरवडला जातो. असा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. माती विकणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खरी असते, पण भट्टीत गेलेली माती पुढच्या पिकाला मिळत नाही.

दुसरी वाट आहे. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाची राख निघते आणि अशा राखेच्या विटा होतात. केंद्र सरकारच्या 1999 च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळण्याचं बंधन घातलं. पुढे ही हद्द वाढवली गेली. घर बांधायला काढाल तेव्हा आधी राखेच्या विटांची चौकशी करा, आणि भट्टीसाठी कोणी शेताची माती मागायला आलं तर नाही म्हणा.