वहिवाटीतले शब्द

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळाला आणि तेव्हापासून बोलींच्या कौतुकाला भरते आले आहे. पुरवण्यांमधून दोन प्रकारच्या याद्या आलटून पालटून छापल्या जातात. एक मुंबईची: खोपचा, लोचा, राडा, कल्टी, वाट लागली. दुसरी गावाकडची: इरले, कणगी, राब, सावड. पहिली वाचून हसायचे, दुसरी वाचून हळहळायचे. दोन्हींच्या शेवटी आवाहन मात्र एकच असते. हे शब्द जमवा, कोशात घाला, प्रमाण मराठीत वापरू लागा, म्हणजे बोली वाचेल. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यामागचा विचार उथळ आहे. मुंबई बंदर आणि घाट चढल्यावर लागणारा मावळ यांच्याकडे एकत्र पाहिले की तो किती उथळ आहे ते कळते.

या दोघांना जोडणारा इतिहास शाळेतल्या पुस्तकातलाच आहे. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली आणि लोणावळा हे वाटेवरचे गाव मोठे झाले. बंदराच्या मालाबरोबर शब्दही चढले, काही तर रस्ता होण्याच्या कितीतरी आधी. पगार, लिलाव, मेस्त्री, घमेले, पाव हे सगळे पोर्तुगिजांच्या बोलण्यातून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले. जहाजावरचा खलाशी रेल्वेत आला आणि तिथल्या एका पदाचे नाव होऊन बसला. यातला एकही शब्द रुजवावा म्हणून कोणी सभा घेतली नव्हती. खाचराचा फुटलेला बांध घालताना माती ज्या भांड्यातून वाहायची त्याला काहीतरी म्हणायला हवे होते. भांडे आले, त्याच्याबरोबर घमेले आले. इंग्रजी शब्दांनी मराठी बाटते असे मानणाऱ्यांना पगार कुठून आला एवढे विचारले तरी पुरे.

उलट दिशेने माणसे उतरली. 1890 मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाहतुकीत पुढे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, अकोल्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. गोदीत, गिरणीत, मंडईत हमालीला गेले ते वेगळेच. या माणसांना मुंबईने 'घाटी' म्हटले. आज तो शब्दही गमतीच्या यादीत असतो. ज्याच्या तोंडावर तो फेकला गेला त्याला त्यात गंमत वाटली नव्हती, हे यादी सांगत नाही.

मुंबईच्या यादीत आणखी काय नसते? गोदी, तांडेल, टोळी, मुकादम, तोलाई, वाराई. बंदर, मासळीबाजार आणि धान्यबाजार ज्या शब्दांवर चालले ते या यादीत सहसा येत नाहीत. येतात ते 'रंगीला' (1995), 'सत्या' (1998) आणि 'मुन्नाभाई' (2003) यांनी देशभर पोचवलेले. ते खोटे आहेत असे नव्हे. मुंबईची पोरे ते बोलतात. पण त्यांचे काम बोलणारा कोण आहे हे दाखवण्याचे आहे. 'वाराई'चे काम पोते उतरवणाऱ्याला पैसे मिळवून देण्याचे आहे. बोलीबद्दलची चर्चा पहिल्या जातीच्या शब्दांना बोली समजते आणि दुसऱ्या जातीच्या शब्दांना बोलीत धरतही नाही. मूळ गफलत इथेच आहे.

गावाकडच्या यादीचे तसे नाही, तिथे कामाचेच शब्द असतात, असे यावर कोणी म्हणेल. तसे ते असतातच. पण ते काम चालू आहे की बंद पडले, हे यादी विचारत नाही.

राब घ्या. फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपासाठी एक तुकडा निवडायचा. त्यावर शेणाचा थर, त्यावर तोडून वाळवलेल्या फांद्या म्हणजे कवळ, मग पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक माती. वाऱ्याचा अंदाज घेऊन आग अशी लावायची की ती धावता कामा नये. सावकाश जळत गेली तर तणाचे बी मरते आणि राख जागेवर राहते. मिरगाच्या तोंडावर त्यात भात पेरायचे, रोप हातभर झाले की चिखलणी करून खाचरात लावणी. या कामात राब या शब्दाला क्रियापदे आहेत, वेळ आहे, वनखात्याशी कवळावरून होणारे भांडण आहे, शेजाऱ्याने आधी भाजला की उरकायची घाई आहे. आता गादीवाफ्यावर रोप करण्याची शिफारस होते, यंत्राने लावणी होते, आणि पुष्कळांनी राब भाजणे सोडले आहे. त्यात शेतकऱ्याचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. धूर कमी झाला, झाडे वाचली, बाईची डोक्यावरची वाहतूक वाचली. पण काम गेले आणि शब्द कोशात ठेवला, तर वाचले काय?

कोशाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की नोंद असली तर शब्द परत उठवता येतो. ही बाजू वजनदार आहे, कारण तिच्यामागे मोठी माणसे उभी आहेत. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 मधला. दोघांनी बोलींचे शब्द कसोशीने टिपले आणि आज मराठी लिहिणारा प्रत्येकजण त्यांच्या ऋणात आहे. प्रश्न एवढाच की इतकी वर्षे कोशात सुखरूप असलेले किती शब्द नुसत्या नोंदीच्या बळावर पुन्हा कोणाच्या तोंडी आले? इरले कोशात आहे, पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आहे, कवितेत आहे. लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर मात्र प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ आहे, आणि 'खोळ' हा शब्द आज तिथे रोज लागतो. प्रमाण मराठीने इरले उचलले म्हणून मावळाच्या बोलीला काही मिळाले नाही. मिळाले ते प्रमाण मराठीलाच.

महसुलाच्या भाषेत जमीन वहिती असते किंवा पड असते. पड जमिनीचाही सातबारा असतो, त्यावर नाव असते, क्षेत्र असते. पीक तेवढे नसते. बोलीतल्या शब्दांत हाच भेद करायला हवा. जो शब्द कामात, भांडणात, देवघेवीत रोज लागतो तो वहितीचा. जो आठवतो, आवडतो, पण ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही तो पडीक. शब्द जुना की नवा, देशी की परका, गोड की रांगडा, हे सगळे भेद याच्यापुढे दुय्यम आहेत.

लोणावळ्याच्या कड्यावर हा भेद उघड दिसतो. नागफणीचे ड्यूक्स नोज झाले. मग राजमाची पॉइंट, लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट. सह्याद्रीच्या माणसांकडे उतार सांगायला सोंड आहे, दांड आहे, नाळ आहे, खिंड आहे, धार आहे. गुरे हाकणाऱ्याने आणि डोक्यावर भारा घेऊन कोकणात उतरणाऱ्याने ते शब्द घडवले, कारण सोंडेवरून पाय कुठे टाकायचा आणि नाळेतून कुठे, यात जिवाचा प्रश्न होता. गाडी लावून दरी पाहायला आलेल्याला एकच गोष्ट हवी असते, उभे राहायची जागा. त्याला पॉइंट पुरतो. इथे कोशवाद्यांचा एक पुरावा मात्र मान्य करायला हवा. पुण्या-मुंबईचे भटके तरुण आज नाळ, दांड, माची हे शब्द सर्रास वापरतात. पण ते शब्द त्यांना कोशात सापडले नाहीत. ते नाळेतून उतरले, वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याच्या मागे चालले, म्हणून ते त्यांच्या तोंडी बसले.

मग पवन मावळातल्या हरितगृहांचे काय? तिथे गुलाब होतो, फेब्रुवारीच्या मागणीसाठी डिसेंबरातच तयारी लागते, आणि कामावरच्या बायका बेंडिंग, फ्लश, ग्रेडिंग असे बोलतात. 'बेंडिंग झालं का गं?' या प्रश्नात मावळी हेल आहे, मावळचे काम आहे, मजुरीचा हिशेब आहे. बोलीच्या यादीत हा शब्द घालायला कोणी धजणार नाही. या लेखाचे म्हणणे असे की तो आज राबापेक्षा जास्त मावळी आहे. हे ऐकायला कडू वाटते, पण बोली म्हणजे माणसांचे आजचे जगणे असेल तर ते नाकारता येत नाही. सगळे इंग्रजीच गिळणार म्हणून हात टेकणाऱ्यांना मात्र यातून आधार मिळू नये. शब्द परका असला तरी वाक्य त्या बायकांचे आहे.

म्हणून नोंदच करायची असेल तर शब्दापुढे अर्थाच्या आधी एक रकाना हवा: हा शब्द आज कोण, कोणाला, कोणत्या कामात म्हणतो. डॉ. घाटगे यांनी 1960 च्या दशकात महाडच्या कुणबी बोलीची पाहणी केली, अलीकडे डेक्कन कॉलेजाने बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित केले. बोलणाऱ्याला धरून बोलीकडे जाण्याचा तो रस्ता आहे. पुरवण्यांनी तोच धरावा.

'वरकस' या शब्दावर हा रकाना भरून पाहता येईल. नाचणी-वरईची ही डोंगरउताराची जमीन. ती पिके मावळात आटली, तरी तरुण पोरांना हा शब्द पक्का माहीत आहे. सातबाऱ्यावर तो अजून आहे आणि धरणाकाठच्या बंगल्यांसाठी जी जमीन विकली जाते ती पुष्कळदा वरकसच असते. 'वरकस आहे, पण समोर पाणी दिसतं,' असे दलाल गिऱ्हाइकाला सांगतो. शब्द वहितीत आहे, पिकवणाऱ्याच्या हातून विकणाऱ्याच्या हाती गेला आहे, आणि जमीन बिनशेती झाली की सातबाऱ्यावरूनही जाईल. त्याची नोंद या व्यवहारासकट व्हायला हवी: जमीन कोणी विकली, कोणी घेतली, आणि तिच्यात आधी नाचणी होती की वरई.