पाणी घातलेली मालिका आणि फसलेले प्रहसन

मराठी वाहिन्यांवरची रोजची मालिका आणि प्रहसनांचा विनोदी कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक बहुतेक घरांत एकच असतो. दोन्हींविषयीची त्याची नाराजी मात्र निराळी असते. प्रहसन पडले तर ‘आज काही जमले नाही’ एवढे म्हणून तो पुढच्याची वाट पाहतो. मालिका भरकटली की चिडतो, ‘पाणी घालताहेत नुसते’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला टीव्हीसमोर बसतो. याला विसंगती म्हणण्याची घाई होते. खरे तर तो दोन गोष्टींचे मोल करत असतो: आजच्या भागाचे आणि त्या माणसांशी जुळलेल्या ओळखीचे.

दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा लागे आणि पुष्कळदा तेरा भागांत संपे. खासगी वाहिन्यांनी ती रोजची केली, तसा शेवट लेखकाच्या हातून टीआरपीच्या हाती गेला. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढा पल्ला एका गोष्टीला पेलत नाही; मग गैरसमज, अपघात, गेलेली स्मृती अशी ठरलेली वळणे येतात. ‘होणार सून मी ह्या घरची’मधले नायिका जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की त्याची घरोघरी थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना कालच्या भागात काय घडले ते मात्र नेमके ठाऊक असे.

‘आई कुठे काय करते’ (२०१९ ते २०२४) हे या संमिश्र भावनेचे सर्वांत बोलके उदाहरण. ती मूळ बंगाली ‘श्रीमयी’ या मालिकेवर बेतलेली. घरासाठी राबलेली, नवऱ्याने फसवलेली अरुंधती घटस्फोट घेते, कमावती होते आणि मुले मोठी झाल्यावर आशुतोषशी दुसरे लग्न करते. सासू-सून एकत्र बसून टीव्ही पाहतात त्या वेळेला हे दाखवणे धाडसाचेच होते. पुढे कथेत आशुतोषचा अपघाती मृत्यू घडवला गेला आणि तिला दिलेले सुख काढून घेतल्यासारखे झाले. हे वळण गोष्टीला हवे होते की मालिका चालू ठेवायला, हा प्रश्न रास्त आहे. प्रेक्षकाची अपेक्षा मालिकेनेच वाढवली होती. त्याच्या रागाला भाबडेपणा म्हणता येत नाही.

विनोदी कार्यक्रमावर असे ओझे नसते. २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये प्रत्येक प्रहसन काही मिनिटांत सुरू होऊन संपते, फसले तरी मागे काही उरत नाही. तिथला दोष पुनरावृत्तीचा. लठ्ठपणा, रंग, दात यांवरचे विनोद पहिल्यांदा हसवतात, दहाव्यांदा खुपतात. परीक्षकांचे हसणे दर वेळी घरात पोहोचतेच असे नाही. ‘चला हवा येऊ द्या’ या दुसऱ्या विनोदी कार्यक्रमात साडी नेसलेले पुरुष इतक्यांदा आले की साडी हाच विनोद होऊन बसला. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रे वाचत आणि हसणारे प्रेक्षागृह स्तब्ध होई. विनोदाच्या कार्यक्रमातला सर्वांत लक्षात राहिलेला भाग विनोदाचा नसावा, ही गंमतच.

नट बदलला की दोन्ही प्रकारांतला फरक उघड होतो. ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर शेवंता झाली. नाव, साडी, अण्णा नाईकांचा वाडा सगळे तेच. तरी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरची शेवंता पहिलीच राहिली, कारण भूमिका आणि चेहरा त्याने वेगळे केलेले नव्हते. हास्यजत्रेत अशी बदली संभवतच नाही. विशाखा सुभेदार २०२२ मध्ये आणि गौरव मोरे २०२४ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे कोणी ‘उभे’ करण्याचा प्रश्न आला नाही. ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ ही ओळख गौरवबरोबरच गेली. प्रेक्षक काही आठवडे हळहळला आणि उरलेल्या मंडळींना हसू लागला.