उसनी ताकद

एखाद्या इंजिनातून कंपनीने दिली त्यापेक्षा जास्त ताकद काढणं चांगलं की वाईट? प्रश्न असा विचारला की उत्तरं ठरलेली येतात. पोलीस म्हणतात गुन्हा आहे. आईवडील म्हणतात, दुसरे उद्योग नाहीत का. आणि सोळा ते पंचवीस वयाची मुलं म्हणतात, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

मला त्यातलं थोडंफार कळतं. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या टीमबरोबर मी चिखलात आणि दगडांवर पळणारी गाडी बांधली आहे. ग्रीसने काळी झालेली नखं घेऊन चुलत बहिणीच्या साखरपुड्याला गेले आहे. आणि मी राहते मानपाड्यात. ठाणे जिल्ह्यात निदान दोन मानपाडे आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडवर. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत. मी दुसऱ्यातली. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: शेजारून जाणारा मोठा रस्ता आणि मध्यरात्रीनंतर त्यावरून येणारा फाडफाड आवाज. पाचव्या मजल्यावर झोपलेल्या माणसालाही कळतं की गाडीचा सायलेन्सर कंपनीचा नाही. थोडक्यात, या भांडणात मी दोन्ही बाजूंची आहे.

आधी इंजिन उघडून पाहू. पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. जितकी हवा आत जाईल, तिच्या हिशेबाने पेट्रोल, मग नेमक्या क्षणी ठिणगी, आणि जळालेला वायू पटकन बाहेर. रेसिंगसाठी ट्यूनिंग म्हणजे याच चार गोष्टींशी खेळणं. हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवायचं. कॅमशाफ्ट बदलून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवायचे. कार्बोरेटरचा जेट मोठा करायचा. पोर्ट घासून हवेची वाट मोकळी करायची. आणि वेगावर लगाम ठेवणारा गव्हर्नर असेल, तर तो काढून टाकायचा.

यातल्या प्रत्येक गोष्टीचं बिल येतं. कॉम्प्रेशन जास्त झालं की मिश्रण ठिणगीच्या आगीची वाट न बघता स्वतःच पेट घेतं. त्याला आपण नॉकिंग म्हणतो, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. कॅम बदलला की वरच्या आरपीएमला गाडी उडते, पण सिग्नलवरून निघताना रडते. आणि गव्हर्नर काढला तर? पिस्टनला वर-खाली खेचणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३८०० आरपीएमचं इंजिन ५७०० वर फिरवलं तर वेग दीडपट झाला, पण ताण सव्वादोनपट. रॉड तोच.

मग कंपनीने ही जास्तीची ताकद आधीच का दिली नाही? कारण कंपनी इंजिन एका माणसासाठी बनवत नाही. ते लाखो लोकांच्या हातात जाणार असतं. त्यातला कोणी दोन वर्षं ऑइल बदलणार नाही, कोणी भेसळीचं पेट्रोल भरेल, कोणी मे महिन्यात तिघांना बसवून माळशेज घाट चढेल. या सगळ्यांना सांभाळून घ्यायला इंजिनात थोडी जागा राखलेली असते. ट्यूनिंग करणारा ती जागा खर्च करतो. काही कामांत खरी कमाईही असते. दोन दिवस बसून हाताने पोर्ट गुळगुळीत केला, प्रत्येक माप तंतोतंत बसवलं, तर ते कष्टाचं फळ आहे. पण बरीचशी ताकद उसनी असते. इंजिनाच्या आयुष्याकडून, पेट्रोलच्या टाकीकडून, ब्रेककडून घेतलेली.

उसनवारीत वाईट काही नाही. आपण घरं कर्जावरच घेतो. कर्ज घेणारा एक आणि हप्ते भरणारा भलताच, असं झालं की प्रश्न सुरू होतो.

आम्ही ज्या स्पर्धेसाठी गाडी बांधली, तिचं नाव बाहा एसएई. १९७६ साली अमेरिकेत, साउथ कॅरोलायना विद्यापीठात ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. भारतात ती २००७ पासून, इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची ऑल-टेरेन गाडी स्वतः डिझाइन करायची, स्वतः वेल्ड करायची आणि शेवटी चार तास खड्ड्या-उंचवट्यांतून पळवायची. अर्ध्या गाड्या तिथेच मान टाकतात, असं वाटावं इतका तो ट्रॅक निर्दय असतो.

पण या स्पर्धेची खरी गंमत वेगळीच आहे. इंजिनाला हात लावायचा नाही! आमच्या वेळी सगळ्यांना एकच: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, एक सिलिंडर, १० हॉर्सपॉवर. गव्हर्नर ३८०० आरपीएमला बांधलेला आणि त्यावर आयोजकांचं सील. हेड घासणं नाही, कॅम नाही, जेट नाही. रेसिंगची गाडी, आणि रेसिंगवाल्यांचा सगळ्यात आवडता खेळच बंद.

आमच्या टीममधला एक मुलगा यावर कायम चिडलेला असायचा. घरच्या गाडीचं इंजिन त्याने बारावीतच खोलून परत जोडलं होतं. तो म्हणायचा, ‘हात बांधून कसली रेस? खरी इंजिनिअरिंग तर इंजिनातच आहे.’ त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या हातात कला आहे त्याला ती वापरू न देणं हाही एक अन्यायच आहे. शिवाय सारखं इंजिन दिलं म्हणून स्पर्धा समान होत नाही. ज्या कॉलेजकडे स्वतःचं सीएनसी मशीन आणि टेस्टिंगला मैदान आहे, ते पुढे असतं. आम्ही एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, त्यांचं काम संपल्यावर रात्री लेथ मागून घ्यायचो.

तरीही मला ते सील योग्य वाटतं. मोकळीक दिली असती तर ज्याच्याकडे जास्त पैसे, त्याने चार तासांपुरतं इंजिन पिळून काढलं असतं आणि दुसऱ्या दिवशी नवं घेतलं असतं. उधारीचा तो एक दरवाजा सगळ्यांसाठी बंद केला, तेव्हा डोकं दुसरीकडे चालायला लागलं. आम्ही वजनाच्या मागे लागलो. एकेका ब्रॅकेटमधून ग्रॅम-ग्रॅम काढले. बेल्टवर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्समधली स्प्रिंग आणि वजनं बदलून बघितली, म्हणजे तेच १० हॉर्सपॉवर चढावर चाकापर्यंत नीट पोचतील. तो चिडणारा मुलगाच यात सगळ्यात पुढे होता. ताकद वाढवता येत नसेल तर वाया जाणारी वाचवावी लागते, हे मला कुठल्याही लेक्चरपेक्षा त्या सीलने जास्त चांगलं शिकवलं.

पण सील ही फक्त शिशाची गोळी आणि तार असते. ते खरं टिकतं माणसाच्या मनात. १९९५ सालची गोष्ट बघा. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो इंजिनांची ताकद आवाक्यात राहावी म्हणून टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचं रिस्ट्रिक्टर बसवायचा नियम होता. हवा तेवढ्याच भोकातून आत गेली पाहिजे. स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या गाड्या तपासल्या, तेव्हा सापडलं ते असं: पाइप जोडून क्लिप आवळली की रिस्ट्रिक्टर काही मिलिमीटर मागे सरकायचं आणि त्याला वळसा घालून जास्तीची हवा आत जायची. तपासणीसाठी पाइप सोडला की ते आपोआप जागेवर यायचं. बघणाऱ्याला सगळं नियमात दिसायचं. टोयोटाचे त्या वर्षीचे गुण गेले आणि संघावर वर्षभराची बंदी आली. गंमत म्हणजे बंदी घालणाऱ्या जागतिक संस्थेच्या अध्यक्षांनी, मॅक्स मोझली यांनी, त्या युक्तीतल्या कारागिरीचं उघड कौतुकही केलं.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आधी मलाही वाटलं, काय भारी डोकं लावलंय! मग लक्षात आलं की माझा सगळा प्रश्न इथेच आहे. हुशारी आणि प्रामाणिकपणा एकाच पाइपमधून येत नाहीत. ती यंत्रणा बनवणारे कच्चे इंजिनिअर नव्हते. पण त्यांची ताकद उसनी होती आणि हप्ता भरत होते ते दुसऱ्या संघांचे लोक, जे ३४ मिलिमीटर म्हणजे ३४ मिलिमीटर धरून चालले होते. त्यांना हे माहीतही नव्हतं.

आता रस्त्यावर या.

आमच्या घराजवळ एक गॅरेज आहे. ते चालवणाऱ्या दादांचा हात विलक्षण आहे. जुनी आरएक्स १०० आली की आधी दोन मिनिटं नुसती ऐकतात, मग पाना उचलतात. भारतात १९८५ साली आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवरची. ती आली तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलं आज ती ट्यून करून घ्यायला येतात. दादा प्रत्येकाला एकच विचारतात, ‘पळवणार कुठे?’ कोणी डर्ट ट्रॅकच्या स्पर्धेचं नाव सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. ‘असंच, रोडवर’ म्हटलं की गप्प होतात. पण काम करतात. मी एकदा विचारलं, ‘दादा, मग नाही का म्हणत नाही?’ ते म्हणाले, ‘मी नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत करून घेतील, आणि तो ब्रेक बघणार नाही. मी निदान ब्रेक बघतो.’

या उत्तरावर मी बराच काळ विचार केला आहे. ते पूर्ण बरोबर नाही आणि पूर्ण चूकही नाही. गॅरेजचं भाडं आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. शिवाय ब्रेकचा मुद्दा खरा आहे. ताशी ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट. कनेक्टिंग रॉडचा होता तोच आकडा. म्हणजे त्याच ब्रेकवर गाडी थांबायला साधारण सव्वादोनपट रस्ता लागतो. मानपाडा चौकात हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई हे गणित करत नाही. एवढ्या अंतरावरची बाइक किती वेळात पोचते, याचा वर्षानुवर्षांचा अंदाज तिच्या डोळ्यांत असतो. ट्यून केलेली गाडी तो अंदाज तिला न सांगता खोटा पाडते. टोयोटाच्या त्या रिस्ट्रिक्टरसारखंच: बाहेरून सगळं नेहमीचं आणि आत वेगळंच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेली आणि निर्मात्याने ठरवलेली गाडीची मूळ वैशिष्ट्यं परस्पर बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा सगळेच बदल वाईट मानत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेट्रोलची गाडी सीएनजीवर करता येते. अपंग व्यक्तीसाठी गाडी तिच्या गरजेप्रमाणे बदलता येते, स्कूटरला मागे दोन जास्तीची चाकं लावता येतात. तिथेही कंपनीच्या मूळ गाडीला हात लावलेलाच असतो. फरक इतकाच की तो बदल कागदावर असतो, कोणीतरी तपासलेला असतो आणि त्याचा भार वाटेतल्या अनोळखी माणसावर पडत नाही.

म्हणून मूळ प्रश्न मी बदलून विचारते. इंजिनाला हात लावावा का, असं नाही. या जास्तीच्या ताकदीची किंमत कोण भरणार आहे, त्याला ती माहीत आहे का, आणि त्याने हो म्हटलं आहे का? ट्रॅकवर तिन्हीची उत्तरं मिळतात. किंमत स्वार भरतो, टीम भरते, हेल्मेट घालून आणि सही करून भरते. इंजिन फुटलं तर त्यांचं फुटतं. रात्री एक वाजता कल्याण-शीळ रस्त्यावर किंमत भरतो तो पहाटे चारच्या शिफ्टला उठणारा माणूस, दचकून जागं झालेलं तान्हं बाळ, चौकातली ती बाई. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

इथे थांबले तर हा लेख मुलांना दोन उपदेश करून मोकळा होईल. ते मला करायचं नाही, कारण एक हप्ता आपण मोठ्यांनीही थकवलेला आहे. चेन्नईजवळचं सर्किट १९९० चं, नोएडाजवळचं २०११ चं. मानपाड्यातल्या मुलाने रेस करायची तर कुठे? अधूनमधून पुण्या-नाशकाकडे डर्ट ट्रॅकच्या स्पर्धा होतात, त्यासाठी गाडी टेम्पोत घालून न्यायची, फी भरायची, सुरक्षेचं सामान घ्यायचं. क्रिकेटला मैदान लागतं हे आपल्याला पटतं. वेगालाही मैदान लागतं हे पटत नाही, आणि मग वेग रस्त्यावर येतो. ‘रोडवर नको’ हे वाक्य तेव्हाच पूर्ण होतं, जेव्हा त्यापुढे ‘इथे चल’ म्हणता येतं.

तोवर माझं मत दादांच्या प्रश्नाच्या बाजूचं आहे. कुठलंही इंजिन खोलायच्या आधी ‘पळवणार कुठे?’ हे विचारलंच पाहिजे. फक्त उत्तर ऐकून कधीतरी पाना खाली ठेवायची तयारीही हवी. तेवढं सील प्रत्येक कारागिराला स्वतःच्या हाताला लावून घ्यावं लागतं. ते तपासायला कोणी येत नाही.